मुस्पिल्ली : एक शब्द आणि एक खटला

जुन्या उच्च जर्मन भाषेचे जे काही लिखाण आज शिल्लक आहे, त्यात ‘मुस्पिल्ली’ हा शब्द फक्त एकदा येतो. इसवी सन 870 च्या सुमारास बव्हेरियन बोलीत उतरवून ठेवलेल्या एका तुटक कवितेत तो आहे. मरणानंतर जिवाचे काय होते, जगाचा अंत कसा होईल आणि शेवटचा न्याय कसा होईल, हा त्या कवितेचा विषय. तिच्या शंभराहून थोड्या अधिक ओळी उरल्या आहेत. सुरुवात हरवली आहे आणि शेवटही. 1817 मध्ये बर्नहार्ड योझेफ डोसेन यांना ती सापडली. 1832 मध्ये योहान आंद्रेआस श्मेलर यांनी ती प्रथम छापली. कवीने दिलेले नाव हाती नव्हते, म्हणून त्यांनी कवितेतला सर्वांत गूढ शब्द उचलून तोच मथळा केला. तेव्हापासून दोन प्रश्न सोबतीने चालत आले आहेत: या शब्दाचा अर्थ काय, आणि ही कविता एकसंध आहे की तुकडे जोडून केलेली?

मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. शब्दांच्या वाटेने गेले तर दुसऱ्याचे उत्तर मिळते, आणि पहिल्यावरही थोडा प्रकाश पडतो.

कविता ज्या पोथीत आहे ती पोथी मुळात तिच्यासाठी नव्हतीच. साल्झबुर्गचा धर्माध्यक्ष आडालराम याने शार्लमेनचा नातू, कोवळ्या वयातला राजपुत्र लुडविग याला एक सुबक लॅटिन हस्तलिखित भेट दिले. त्यात त्या काळी संत ऑगस्टीनचे समजले जाणारे एक प्रवचन होते. हाच लुडविग पुढे ‘जर्मन लुडविग’ म्हणून पूर्व फ्रँक राज्याचा राजा झाला आणि 876 मध्ये वारला. त्या सुंदर लॅटिन पानांवरच्या रिकाम्या जागांत आणि समासांत कोणीतरी अनघड हाताने ही जर्मन कविता लिहून काढली. लिहिणाऱ्याचे शुद्धलेखन डळमळीत आहे, अक्षर शाळकरी वळणाचे आहे. लिहिणारा कोण होता यावर तर्क पुष्कळ झाले. खुद्द लुडविगचेही नाव घेतले गेले. पोथी रेगेन्सबुर्गच्या संत एमेराम मठातून आली आणि आज म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात आहे.

आता कवितेतला क्रम पाहू. जीव देह सोडतो तेव्हा दोन सैन्ये येतात, एक आकाशातल्या ताऱ्यांकडून आणि एक नरकाच्या डांबरी आगीतून, आणि त्या जिवासाठी झगडतात. जिंकणारे त्याला घेऊन जातात. स्वर्गाचे वर्णन येते, नरकाचे येते. मग एकदम बलाढ्य राजा न्यायसभा भरवतो आणि प्रत्येकाला तिथे यावेच लागते. तेवढ्यात एलियास, म्हणजे बायबलमधला संदेष्टा एलिया, आणि ख्रिस्तविरोधी यांचे द्वंद्व सुरू होते. एलियासचे रक्त जमिनीवर ठिबकते आणि डोंगर पेटतात, झाडे उभी राहत नाहीत, पाणी आटते, चंद्र कोसळतो. ‘मुस्पिल्ली’ इथेच येतो. त्यानंतर लाच खाणाऱ्या न्यायाधीशाला ताकीद, मग पुन्हा स्वर्गाचे शिंग, मेलेल्यांचे उठणे आणि शेवटचा न्याय.

पहिल्या वाचनात ही वीण विस्कटलेलीच दिसते. मरताक्षणी एक निवाडा झाला, तर शेवटी दुसरा कशासाठी? राजाने सभा बोलावली, मग मध्येच द्वंद्व कुठून आले? छंदही एकसारखा नाही. जुन्या जर्मन पद्धतीचा आद्याक्षरांचा अनुप्रास बहुतेक ठिकाणी आहे, पण मधूनच अंत्ययमक डोकावते. एक ओळ तर वायसेनबुर्गचा कवी ओटफ्रिड याच्या यमकबद्ध शुभवर्तमान-काव्यातही जशीच्या तशी आहे. म्हणून अनेक अभ्यासकांनी कवितेचे थर सोलायला घेतले. कोला मिनिस यांनी 1966 मध्ये उपदेशाचा भाग, यमकांच्या ओळी आणि कच्च्या अनुप्रासाच्या ओळी बाजूला काढून पंधरा कडव्यांची मूळ कविता शोधण्याचा प्रयत्न केला. 1977 मध्ये व्होल्फगांग मोर आणि वाल्टर हाउग यांचे दोन निबंध एकाच पुस्तकात आले. हाउग यांनी आपल्या निबंधाच्या नावातच वाङ्मयाभ्यासकाच्या हताशेतल्या सुखाचा उल्लेख केला आहे.

ही हताशा मला मान्य नाही. कथेचा धागा तुटतो हे खरे. पण ही कविता कथेच्या धाग्याने विणलेलीच नाही, तिला कोर्टाच्या शब्दांनी बांधले आहे.

सर्वांत आधी एक क्रियापद घेऊ: ‘पागान’. इतर बोलींत ते ‘बागान’ असे दिसते, कारण बव्हेरियन लेखनात ‘ब’च्या जागी ‘प’ लिहिण्याची रीत होती. अर्थ झगडणे, तंटा करणे. हक्कासाठी एकमेकांसमोर उभे राहून भांडणे हा त्यातला मुख्य रंग. दोन सैन्ये जिवासाठी झगडतात तेव्हा कवी हेच क्रियापद वापरतो. ख्रिस्तविरोधी एलियासशी झगडेल असे सांगताना पुन्हा हेच. आणि सगळे जग जळून गेल्यावर कवी विचारतो की जिच्यासाठी माणूस आपल्याच भाऊबंदांशी झगडला ती सीमेवरची जमीन आता कुठे आहे, तेव्हा तिसऱ्यांदा हेच. देवदूत आणि सैतान यांची ओढाताण, जगाच्या अंताचे द्वंद्व आणि बांधावरून झालेली भाऊबंदकी हे तीन प्रसंग कवीच्या मनात एकाच जातीचे आहेत. तिन्ही दावे आहेत. कवितेचे जे तीन भाग वेगवेगळ्या हातांचे म्हणून दाखवले जातात, त्या तिन्हींत हे क्रियापद मोक्याच्या जागी बसले आहे. वेगवेगळी जीर्ण कापडे जोडणाऱ्याकडून असे सहज होत नाही.

दुसरा शब्द ‘सुओना’. आजच्या जर्मनमध्ये तो ‘झ्यूने’ या रूपात प्रायश्चित्त, परिमार्जन या अर्थाने उरला आहे. जुन्या भाषेत त्याचा अर्थ निवाडा, आणि निवाड्यामुळे होणारा समेट. कवितेत शेवटच्या न्यायासाठी हा शब्द पुन्हापुन्हा येतो, ते अपेक्षितच आहे. पण तो पहिल्या भागातही आहे. दोन सैन्ये झगडत असताना, सुओना होईपर्यंत जिवाला काळजी करावी लागते असे कवी म्हणतो. एकट्या जिवाचा मरणवेळचा निवाडा आणि साऱ्या मानवजातीचा अखेरचा निवाडा यांना त्याने एकच शब्द दिला. धर्मशास्त्राला या दोन न्यायांची सांगड घालणे अवघड गेले; मधल्या काळात जीव कुठे असतो, यावर ख्रिस्ती पंडितांनी शतकानुशतके विचार केला. कवीने तो वाद सोडवला नाही, पण दोन्हीकडे एकच कायदा चालतो हे शब्दातून दाखवले.

तिसरा ‘महल’. हा शब्द पाहून मराठी वाचकाला आपला महाल आठवेल, पण दोन्हींचा काही संबंध नाही. आपला महाल अरबीतून आला. हा जर्मानिक शब्द मुळात बोलणे, आणि बोलण्यासाठी जमलेली सभा या अर्थाचा. पुढे तो न्यायसभेचा खास शब्द झाला. फ्रँक लोकांच्या सालिक कायद्याच्या लॅटिनमध्ये तो ‘माल्लुस’ म्हणून शिरला, आणि त्या कायद्याचे पहिलेच कलम सांगते की बोलावणे येऊनही माल्लुसला न येणाऱ्याला 15 सॉलिडस दंड. कवितेतला बलाढ्य राजा महल भरवतो तेव्हा तिथे यायला नकार देण्याची कोणाची छाती नाही, असे कवी म्हणतो. त्या काळच्या श्रोत्याला त्यात ओळखीचे समन्स ऐकू येत असणार. डेटमोल्ड या गावाच्या नावात हाच शब्द आहे. शार्लमेनच्या काळात त्या गावाचे नाव ‘थेओटमाल्ली’, म्हणजे लोकांची सभा, असे लिहिले जाई. आणि जोडीदारासाठी आज वापरला जाणारा प्रौढ जर्मन शब्द ‘गेमाल’ हाही त्याच घरातला, कारण लग्नाचा करार लोकांसमोर बोलून पक्का होई.

सभेचे बोलावणे ज्या शब्दाने सांगितले आहे तो ‘बान’, बव्हेरियन लेखनात ‘पान’. राजाचा हुकूम, त्याची जाहीर आज्ञा. इंग्रजीतून आपल्याकडे आलेली ‘बॅन’ ही बंदी त्याच कुळातली. भाषाशास्त्रज्ञ हे मूळ संस्कृत ‘भन्’, ‘भण्’ या बोलण्याच्या धातूंशी जोडतात, आणि ‘भणति’ वरूनच आपले ‘म्हणणे’ आले. म्हणजे राजाचे बान हे मुळात राजाचे म्हणणे आहे. सगळा कायदा तोंडी होता, तेव्हाचा हा अर्थ.

एलियासच्या द्वंद्वाकडे या शब्दांसह पुन्हा पाहावे. कवी हा प्रसंग कोणाकडून ऐकल्याचे सांगतो? ज्यांच्याकडून ऐकला त्यांना तो जो शब्द वापरतो त्याचा अर्थ जगाचा कायदा जाणणारे. धर्मगुरू हा शब्द त्याने इथे टाळला आहे. लढणाऱ्यांना तो ‘केम्फो’ म्हणतो, म्हणजे आखाड्यात उतरलेला लढवय्या. लॅटिन ‘काम्पुस’, मैदान, यावरून तो शब्द झाला; जर्मन ‘काम्फ’, इंग्रजी ‘चॅम्पियन’ आणि पुण्याचा कॅम्पही त्याच मैदानातून निघाले. आणि ज्यासाठी ते लढतात त्याला तो ‘कोसा’ म्हणतो, लॅटिन ‘काउसा’, म्हणजे खटला. आता चित्र स्पष्ट होते. हे युद्ध नाही. साक्षीपुराव्याने जो दावा सुटत नाही, तो दोन्ही बाजूंच्या लढवय्यांना झुंजवून सोडवायचा, अशी रीत बव्हेरियन कायद्यातही लिहून ठेवलेली होती. एलियास देवाच्या बाजूचा लढवय्या, ख्रिस्तविरोधी सैतानाच्या बाजूचा. दावा आहे स्वर्गाच्या राज्याचा.

कायदा जाणणाऱ्यांच्या मते एलियास जिंकणार, कारण न्यायद्वंद्वात खरी बाजू जिंकायलाच हवी. पण लगेच कवी सांगतो की देवाच्या अनेक माणसांचे मत वेगळे आहे. त्यांना वाटते, एलियास घायाळ होईल. बायबलमधल्या प्रकटीकरणात दोन साक्षीदार मारले जातात, त्याच्याशी हे मत जुळते. या जागी अनेकांना जोडाची शिवण दिसते: दोन आधार घेतले आणि नीट जुळवले नाहीत. मला इथे कवी सर्वांत जास्त सावध दिसतो. जगाचा कायदा एक सांगतो, देवाची माणसे दुसरे सांगतात, आणि रक्त ठिबकताच जग पेटते. द्वंद्वाने न्याय होतो हा माणसांचा भरवसा या ठिकाणी कोसळतो. जग पेटते ते न्यायाचा माणसांचा मार्ग संपला म्हणून. आणखी एक खूण पाहा. द्वंद्वाच्या जागेला कवी ‘विक-स्टेटी’ म्हणतो, लढाईची जागा. शेवटच्या न्यायाच्या जागेला ‘महल-स्टेटी’ म्हणतो, सभेची जागा. यातला ‘स्टेटी’ आपल्या ‘स्थिती’चा सख्खा भाऊ आहे. एकाच साच्यातले हे दोन समास आहेत आणि त्यांच्या मध्ये आग. एक जागा जळते, दुसरी मांडली जाते.

त्या आगीच्या ऐन मध्यावर आपला शब्द आहे. कवी म्हणतो की मुस्पिल्लीसमोर कोणताही नातलग नातलगाला मदत करू शकत नाही. नातलगाचा उल्लेख इथे भावनेपोटी आलेला नाही. त्या काळच्या न्यायसभेत आरोपी आपल्या निर्दोषपणाची शपथ घेई आणि त्याचे भाऊबंद त्याच्यासोबत शपथ घेत. किती नातलग उभे राहतात यावर सुटका अवलंबून असे. भाऊबंदांचे बळ म्हणजे कोर्टातले बळ. ते बळ मुस्पिल्लीसमोर चालत नाही, असा हा अगदी काटेकोर, कायदेशीर इशारा आहे. आणि त्याच श्वासात भाऊबंदांशी जमिनीसाठी भांडल्याचा प्रश्न येतो. ज्यांनी शपथेला उभे राहायचे, त्यांच्याशीच तू भांडलास.

मग मुस्पिल्ली म्हणजे काय? जुन्या सॅक्सन भाषेतल्या ‘हेलियांड’ या सुमारे 6000 ओळींच्या ख्रिस्तचरित्रात तो ‘मुडस्पेल्ली’ या रूपात दोनदा येतो. एकदा जगाच्या अंताचे बळ म्हणून, आणि एकदा अंधाऱ्या रात्री चोरासारखा येणारा म्हणून. उत्तरेकडच्या नॉर्स काव्यात ‘मुस्पेल’ची माणसे किंवा मुलगे शेवटच्या लढाईला येतात, आणि तेराव्या शतकातला आइसलँडचा स्नॉरी मुस्पेलला दक्षिणेतली आगीची भूमी करतो. तीन भाषा, तीन रूपे, आणि तिन्हीकडे जगाचा अंत. म्हणून याकोब ग्रिम यांना हा ख्रिस्तपूर्व जर्मानिक धर्मातला शब्द वाटला. दुसऱ्या भागात त्यांनी नाश करणे हा धातू पाहिला. इंग्रजी ‘स्पिल’चा जुना अर्थही सांडणे नव्हता, तर नाश करणे, मारणे हा होता. पहिला भाग जमीन किंवा झाड असावा असे त्यांना वाटले. पृथ्वीचा नाश, किंवा झाडांचा नाश करणारी आग.

दुसऱ्या काहींनी हा शब्द चर्चच्या भाषेत शोधला. ‘स्पेल’ म्हणजे बोल, वार्ता. इंग्रजी ‘गॉस्पेल’मध्ये तोच आहे, आणि मराठी ख्रिस्ती भाषेतले ‘शुभवर्तमान’ अगदी त्याच घडणीचे. मग पहिला भाग लॅटिन ‘मुंडुस’, जग, असेल तर जगाच्या अंताची वार्ता. किंवा जर्मानिक ‘मुंड’, तोंड, असेल तर तोंडाने दिलेला निकाल. या शेवटच्या तर्काचे मला आकर्षण वाटते, कारण तो कवितेच्या कोर्टाशी फार छान बसतो. पण छान बसते म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही. नॉर्समधला आगीशी जोडलेला मुस्पेल त्याने नीट उलगडत नाही, आणि ‘न’ कुठे गेला याचेही समाधानकारक उत्तर मिळत नाही. मुळात नाशाचा शब्द असावा, असे मी धरतो.

तरी कवीने त्याच्याशी काय केले ते पाहा. मुस्पिल्लीच्या मागे त्याने जे अव्यय जोडले त्याचा अर्थ ‘समोर’, ‘पुढे’. आगीच्या समोर, आणि न्यायाधीशाच्या समोरही. नाशाच्या जुन्या शब्दाला त्याने कोर्टात आणून उभे केले. त्या एका ओळीत आग आणि निवाडा एक होतात, आणि कवितेचे दोन्ही अर्धे तिथेच सांधले जातात.

त्यानंतरचा लाचेचा भाग अनेकांना कवितेच्या भव्यतेला न शोभणारा, प्रवचनातून चिकटवलेला वाटतो. मला तो कवितेचा गाभा वाटतो. शार्लमेनच्या काळात ऑर्लियांचा धर्माध्यक्ष थेओडुल्फ याने न्यायाधीशांवर एक लांब लॅटिन कविता लिहिली, तीही बऱ्याच अंशी लाचेबद्दल आहे. त्या शतकाची ही खरी जखम होती. आपला कवी लाचेला ‘मिआता’ म्हणतो. मूळ अर्थ मोबदला. आजच्या जर्मनमध्ये तो ‘मीटे’ आहे आणि घरभाड्याचा रोजचा शब्द आहे. ग्रीक ‘मिस्थोस’, वेदातला ‘मीढ’, अवेस्तातला ‘मिझ्द’ हे सगळे त्याचे भाऊबंद. त्याच कुळातला फारसी ‘मुज्द’, म्हणजे वेतन; त्यावरून ‘मज्दूर’, आणि त्यावरून मराठीतला मजूर आणि त्याची मजुरी. एकाच मुळापासून एका टोकाला घामाचा दाम आणि दुसऱ्या टोकाला न्यायाधीशाच्या हातातली लाच.

लाच घेणाऱ्या न्यायाधीशाच्या शेजारी सैतान अदृश्य उभा असतो, असे कवी सांगतो. माणसाने आधी-नंतर केलेले प्रत्येक वाईट काम तो मोजून लक्षात ठेवतो आणि निवाड्याच्या वेळी सांगतो. आपल्याला चित्रगुप्त आठवेल. पण चित्रगुप्त दरबाराचा लेखनिक आहे, त्याला कोणाचा निकाल कसा लागावा याच्याशी देणेघेणे नाही. हा सैतान मात्र विरुद्ध पक्षकार आहे, आणि पहिल्या भागात जिवासाठी सैन्य पाठवणाराही तोच. शेवटी प्रत्येक अवयव साक्ष देतो, डोके, हात, करंगळीपर्यंत. जिथे नातलगांची शपथ चालत नाही तिथे माणसाचे स्वतःचे शरीर साक्षीला येते. आरंभी जीव देह टाकून गेला होता. अखेरीस तो देह कोर्टात हजर होतो. पहिल्या आणि शेवटच्या भागाचा याहून पक्का सांधा कोणता हवा?

एलियासचा प्रसंग कवीने दुसरीकडून घेतला असेल, काही ओळी लिहिताना वाकड्या झाल्या असतील, लेखनिकाने चुका केल्या हे तर दिसतेच. पण आधार वेगळे असणे आणि रचना विस्कळीत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. श्मेलर यांनी मथळ्यासाठी आगीचा शब्द निवडला, म्हणून वाचणाऱ्यांनी कवितेत जगाच्या अंताची कथा शोधली आणि ती तुटक निघाली. त्यांनी ‘महल’ हा मथळा दिला असता, तर एकसंधतेचा वाद इतका पेटला नसता असे मला वाटते. जर्मनीतल्या अभ्यासकांना आता नाव बदलता येणार नाही, आणि बदलायची गरजही नाही. पण ही कविता अनुवादातून जरी वाचलीत, तरी सैन्ये, द्वंद्व आणि भाऊबंदांचे भांडण या तीन जागांवर खूण करून वाचा. तिन्ही ठिकाणी मुळात एकच क्रियापद आहे.